'चपळ' पद्धतीचे काम : तास कमी झाले की वाढले?

मालेगावच्या मागावर, भिवंडीच्या कारखान्यात किंवा सोलापूरच्या चादरीच्या धंद्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या घरांतील मुले-मुली आज संगणक अभियंते होऊन हिंजवडी, खराडी, हैदराबाद, बंगळूर येथे नोकरीला लागली आहेत. पगार चांगला आहे, बसायला खुर्ची आहे, कार्यालय वातानुकूलित आहे. तरीही घरातील वडीलधाऱ्यांना एक कोडे सुटत नाही. रात्री दहा वाजता मुलगा कानाला यंत्र लावून 'स्टँड-अप आहे' म्हणतो आणि पलंगावर बसून बोलत राहतो. महिन्यातून दोनदा 'स्प्रिंट संपतोय' म्हणून त्याचे जेवण थंड होते. गिरणीतील मजुराची पाळी निदान भोंग्याला सुटत होती. या मुलांची पाळी सुटते कधी?

स्टँड-अप, स्प्रिंट, बॅकलॉग, व्हेलॉसिटी हे सर्व शब्द 'अजाईल' नावाच्या कार्यपद्धतीतले आहेत. अजाईल म्हणजे चपळ. गेल्या पंचवीस वर्षांत ही पद्धत सॉफ्टवेअरच्या धंद्यात कोणत्या ना कोणत्या स्वरूपात सर्वत्र पसरली आहे. वास्तविक ज्यांनी ती काढली, त्यांच्यापैकी काहींनी कामाचे तास मर्यादित ठेवणे हाच तिचा एक नियम केला होता. मग रात्री दहाची बैठक आली कोठून? हा प्रश्न केवळ नोकरदारांचा नाही. ज्याच्याकडे चार कारागीर काम करतात, किंवा जो आपल्या दुकानासाठी सॉफ्टवेअर बनवून घेतो, अशा व्यापाऱ्याचाही त्याच्याशी संबंध आहे.

शिंप्याची पाटी

रमजानमध्ये शिंप्याच्या दुकानात जाऊन पाहा. जाणकार शिंपी पंधराव्या-विसाव्या रोजाला दारावर पाटी लावतो : 'ईदचे काम घेणे बंद'. हातात किती कपडे आहेत, कारागीर किती आहेत, एक कारागीर दिवसाला किती शिवतो, याचा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का असतो. दुसरा एक शिंपी असतो, जो सत्ताविसाव्या रोजालाही 'होऊन जाईल' म्हणत कापड ठेवून घेतो. मग चाँदरातीला त्याचे कारागीर पहाटेपर्यंत मशीनवर, गिऱ्हाईक दारात, आणि ईदच्या नमाजला अंगावर बाही उसवलेला कुर्ता. दोघांकडे मशीन तेच, दोरा तोच, हातही सारखेच कसबी. फरक फक्त पाटीचा.

सॉफ्टवेअरचा धंदा बरीच वर्षे या दुसऱ्या शिंप्यासारखा चालला. प्रथम सर्व मागण्या जाडजूड कागदपत्रांत लिहायच्या, मग आराखडा, मग प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणे आणि सर्वांत शेवटी तपासणी. तारीख मात्र पहिल्याच दिवशी ठरलेली. मधल्या प्रत्येक टप्प्याला उशीर होत जाई आणि तो सगळा उशीर शेवटच्या दोन-तीन महिन्यांवर येऊन कोसळे. माणसे वाढवावीत तर तेही साधत नसे. आय.बी.एम. कंपनीत मोठे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ सालीच आपल्या पुस्तकात सांगून ठेवले होते की, उशीर झालेल्या कामावर नवी माणसे घातली तर उशीर आणखी वाढतो. कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकविण्यात जातो. मग उरतो एकच उपाय : आहेत त्याच माणसांच्या रात्री.

चाळीस तासांचा नियम

अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. हेन्री फोर्ड यांनी १९२६ साली कारखान्यांत पाच दिवसांचा, चाळीस तासांचा आठवडा सुरू केला तो याच परिसरात. त्यानंतर सत्तर वर्षांनी, १९९६ साली, तेथीलच क्रायस्लर मोटार कंपनीने पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर रखडले म्हणून केंट बेक या तंत्रज्ञाला बोलाविले. बेक यांनी कामाची रीतच बदलली. वर्षभराचे काम छोट्या-छोट्या तुकड्यांत तोडायचे आणि दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी चालते करून दाखवायचे. एका संगणकावर दोघांनी मिळून लिहायचे, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसते. लिहिलेल्या प्रत्येक भागाची तपासणी रोजच्या रोज. आणि ज्याच्यासाठी काम चालले आहे त्या विभागाचा एक माणूस त्याच खोलीत बसवायचा, म्हणजे शंका विचारायला आठवडा जात नाही. या पद्धतीला त्यांनी 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' असे नाव दिले. १९९९ साली त्यांचे त्यावरील पुस्तक निघाले. त्यात बारा नियम होते आणि त्यांतला एक होता : आठवड्याला चाळीस तास.

या नियमामागचा विचार भावनेचा नव्हता, हिशोबाचा होता. थकलेला माणूस दिवसा जेवढे लिहितो त्यापेक्षा जास्त रात्री बिघडवितो, आणि ते बिघडलेले शोधायला दुसरा दिवस जातो. दोघांनी एका यंत्रावर लक्ष देऊन काम केले की सहा-सात तासांत डोके रिकामे होते. पुढे बसून उपयोग नाही. बेक यांनी सवलतही ठेवली होती. एखाद्या आठवड्यात जादा बसावे लागले तर बसा. मात्र लागोपाठ दुसऱ्या आठवड्यातही बसावे लागले, तर दोष माणसांत नाही, ठरविलेल्या कामातच काही चुकले आहे असे समजा. जादा तास हा तापासारखा धरला होता. ताप आला तर कारण शोधायचे, कपाळावर नुसती पट्टी ठेवून भागत नाही.

क्रायस्लरच्या कामाचा शेवटही सांगितला पाहिजे, कारण या पद्धतीचे भक्त तो सांगायचे टाळतात. १९९७ साली या सॉफ्टवेअरवर सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचे पगार निघू लागले. पण त्यानंतर काही महिन्यांतच खोलीत बसविलेला तो विभागाचा प्रतिनिधी कामाच्या ताणाने थकून सोडून गेला. त्याच्या तोलाचा दुसरा मिळाला नाही आणि फेब्रुवारी २००० मध्ये कंपनीने हे काम बंद केले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे तास वाचले, पण रोज उठून पंधरा प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या त्या एका माणसाचे तास कोणी मोजले नव्हते. दुकानात मुनीमजी एकच असतात आणि सगळे त्यांनाच विचारतात, तसलाच हा प्रकार.

पुढे २००४ साली बेक यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. तीत चाळीस हा आकडा गेला आणि त्या जागी 'उत्साहाने काम' अशा अर्थाचा शब्द आला. उद्देश चांगलाच असेल. कोणाला पस्तीस तास पुरतात, कोणाला पंचेचाळीस. पण आमच्या मते येथे एक मोठी गोष्ट हातची गेली. चाळीस तास घड्याळावर मोजता येतात. उत्साह कोणत्या घड्याळावर मोजणार? आकडा गेला की नोकराच्या बाजूला बोट ठेवायला जागा राहत नाही.

जपानचा ओव्हरटाइम

अजाईलची दुसरी शाखा 'स्क्रम' या नावाची आहे आणि आज पुण्या-बंगळुरात सर्वांत जास्त चालते ती हीच. स्क्रम हा रग्बी खेळातील शब्द. १९८६ साली ताकेउची व नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांतील छोट्या तुकड्या रग्बीच्या संघासारख्या एकत्र धावत नवा माल कसा झपाट्याने तयार करतात, याचे त्यात वर्णन होते. अमेरिकेत जेफ सदरलँड यांनी १९९३ साली ही कल्पना सॉफ्टवेअरच्या कामाला लावली. केन श्वेबर यांच्यासह त्यांनी १९९५ साली ती जाहीरपणे मांडली. महिन्याभराची किंवा त्याहून कमी मुदतीची एक फेरी, तिला नाव 'स्प्रिंट', म्हणजे वेगाची धाव.

त्या मूळ जपानी लेखाच्या शेवटी एक कबुली आहे. या तुकड्यांतील माणसांना विलक्षण कष्ट करावे लागतात. कामाच्या भरात महिन्याला शंभर तास आणि एरवी साठ तास ओव्हरटाइम नोंदला जातो, असे त्या प्राध्यापकांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. महिन्याला शंभर तास म्हणजे पंचवीस दिवस रोज चार तास जास्त. स्क्रमचे वर्ग घेणारे लोक रग्बीची उपमा हौसेने सांगतात, लेखातील हा भाग सहसा सांगत नाहीत.

अशा रीतीने एका शाखेच्या मुळाशी चाळीस तासांचा आठवडा आणि दुसरीच्या मुळाशी शंभर तासांचा ओव्हरटाइम. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड या डोंगरी ठिकाणी या आणि अशा इतर पद्धतींचे सतरा जण जमले आणि त्यांनी एक संयुक्त जाहीरनामा काढला. अजाईल हे नाव तेथे पडले. जाहीरनाम्यासोबतच्या बारा तत्त्वांत एक तत्त्व कामाच्या गतीविषयी आहे : काम करणारे, पैसा लावणारे आणि माल वापरणारे, या तिघांनाही बेमुदत टिकवता येईल अशी एकसारखी चाल असावी. म्हणजे कागदावर बेक यांची बाजू जिंकली. कंपन्यांच्या बोलण्यात मात्र 'स्प्रिंट' हा शब्द राहिला. दोन आठवड्यांची एक धाव धरली तर वर्षात सव्वीस धावा होतात आणि मधे थांबा नसतो. शर्यतीचा कोणता घोडा अशा सव्वीस शर्यती लागोपाठ धावतो?

वायदा आणि अंदाज

तास वाढतात ते नेमके कोठून, हे पाहिले म्हणजे सगळा उलगडा होतो.

स्क्रममध्ये दर फेरीच्या आरंभी कामांच्या मोठ्या यादीतून या वेळी किती उचलायचे ते ठरते. नियम असा की, किती उचलायचे हे काम करणाऱ्यांनी ठरवायचे. मालकाने किंवा ग्राहकाने कोणते आधी हवे ते सांगावे. किती होईल ते कारागीर सांगतील. हीच ती शिंप्याची पाटी. परंतु प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तारीखही वरून येते आणि यादीही वरून येते. बैठक नावापुरती होते. एकदा काम ठरलेले, तारीख ठरलेली, माणसेही ठरलेली, तर ताणायला फक्त एक वस्तू उरते आणि ती म्हणजे दिवस.

यात एका शब्दाने बराच घोटाळा केला. आरंभीच्या काळात फेरीसाठी उचललेल्या कामाला 'कमिटमेंट', म्हणजे वायदा, म्हणत. वायदा म्हटला की तो पाळलाच पाहिजे. मुलांना सांगितले जाई, 'तुम्हीच वायदा केला होता ना, मग बसा रात्री.' अखेर २०११ साली सदरलँड व श्वेबर यांनी आपल्या मार्गदर्शिकेत हा शब्द बदलून 'फोरकास्ट', म्हणजे अंदाज, असा केला. आपल्याकडे हा भेद नवा नाही. उद्या अमुक करीन असे म्हणताना इन्शाअल्लाह जोडण्याची शिकवण आपल्याला आहे, कारण उद्या माणसाच्या हातात नसतो. (आपल्यातील काही कारागीर न करायच्या कामालाही इन्शाअल्लाह जोडतात आणि गिऱ्हाईक ते ओळखून असते, ही गोष्ट वेगळी.) मार्गदर्शिकेत शब्द बदलला, तरी कार्यालयांतून जुना शब्द अजून गेलेला नाही.

दुसरी गळती बैठकांची. मार्गदर्शिकेप्रमाणे महिन्याच्या फेरीला नियोजनाची बैठक जास्तीत जास्त आठ तास, झालेले काम दाखविण्याची चार तास, आपले काय चुकले याचा विचार करण्याची तीन तास आणि रोजची पंधरा मिनिटांची. वीस दिवसांचे पाच तास धरले तर एकूण वीस तास. महिन्याचे एकशे साठ तास मानले तर हा आठवा हिस्सा झाला. हा हिस्सा हिशोबात धरला तर काही बिघडत नाही. उलट लांबलचक पत्रव्यवहार वाचतो. पण बहुतेक वरिष्ठ काम देताना पूर्ण एकशे साठ तास धरून देतात. मग दिवसा बैठका आणि दिवे लागल्यावर खरे काम, असा क्रम लागतो.

तिसरी गळती व्हेलॉसिटीची. एका फेरीत किती काम झाले ते 'स्टोरी पॉइंट' नावाच्या गुणांत मोजतात. हे माप त्या तुकडीने स्वतःच्या अंदाजासाठी वापरायचे होते. वरिष्ठांनी त्याची मीटरवरची मजुरी करून टाकली. या फेरीत तीस गुण झाले, पुढच्या वेळी पस्तीस दाखवा. शेजारची तुकडी चाळीस करते, तुम्ही का नाही? यंत्रमागावर ज्याने काम केले आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. तिकडे निदान जास्त मीटरला जास्त पैसे पडतात. येथे पगार तोच राहतो. हे गुण आपणच काढले असावेत असे मानणारे रॉन जेफ्रीज, जे क्रायस्लरच्या कामात बेक यांच्याबरोबर होते, त्यांनी २०१९ साली लिहून टाकले की, काढले असतील तर त्याबद्दल आता वाईट वाटते.

अशा घाईत लिहिलेल्या कामाला या धंद्यात 'तांत्रिक कर्ज' म्हणतात. ही उपमा वॉर्ड कनिंगहॅम यांची, १९९२ सालची. आज कच्चे काम करून माल लवकर दिला तर ते कर्ज काढल्यासारखे आहे. लवकर फेडले तर ठीक, नाहीतर पुढच्या प्रत्येक कामावर त्याचे व्याज चढत जाते. ज्या बदलाला दोन तास लागले असते त्याला दोन दिवस लागतात. कर्ज काढतो वरिष्ठ, त्याची शाबासकीही त्यालाच मिळते, आणि व्याज भरते ती मुले, झोपेच्या रूपाने. व्याजाच्या नावाने कानाला हात लावणाऱ्या आपल्या समाजाला ही उपमा चटकन पटावी.

पंधरा मिनिटांची संध्याकाळ

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक भर पडते ती घड्याळाच्या फरकाची. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे तेथील उन्हाळ्यात सायंकाळचे सात आणि हिवाळ्यात रात्रीचे आठ. कॅलिफोर्नियात सकाळी नऊ वाजता बैठक ठेवली तर आपल्याकडे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळ पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे, म्हणून हा एक तास हलतो. बैठक कागदावर पंधरा मिनिटांची असते; पण ती ऐन मगरिबच्या किंवा इशाच्या सुमारास आली की सगळी संध्याकाळच तिच्याभोवती अडकते. कार्यालयातून निघावे तर बैठक वाटेत येते, थांबावे तर घरी पोहोचायला दहा वाजतात. रमजानमध्ये इफ्तार आणि तरावीह यांच्यामध्ये ती बरोबर पाचरीसारखी बसते. फेरीचा शेवट शुक्रवारी ठेवण्याची रीतही अशीच त्रासदायक. जुम्याची घाई एकीकडे, काम दाखविण्याची घाई दुसरीकडे, आणि उरलेले काम शनिवार-रविवार खाते. शहाण्या तुकड्या फेरी मंगळवारी किंवा बुधवारी संपवितात.

यावर उपाय नाही असे नाही. रोजची बैठक समोरासमोर न घेता प्रत्येकाने चार ओळी लिहून ठेवणे, किंवा बैठकीची वेळ एक महिना यांच्या सोयीची व एक महिना त्यांच्या सोयीची ठेवणे, असे करार काही तुकड्या लेखी करतात. अजाईलमध्ये त्याला पूर्ण मुभा आहे. पण हा करार मागावा लागतो. आपोआप कोणी देत नाही. आपली मुले या ठिकाणी संकोच करतात. नमाजची वेळ मागितली तर कामचुकार समजतील, ही भीती असते. वास्तविक कामाचे तास सर्वांसाठी मर्यादित असावेत एवढेच म्हणायचे आहे. त्यात शेजारच्या खुर्चीवरील कुलकर्णी किंवा डिसोझा यांचाही फायदाच आहे.

हैदराबादची गोष्ट

हे सगळे वाचून पद्धतच वाईट असे कोणी समजू नये. २००४ सालची हैदराबादची हकीकत याच्या उलट आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या स्वतःच्या वापरातील सॉफ्टवेअरची दुरुस्ती करणारी एक लहान तुकडी तेथे एका कंत्राटदाराकडे काम करीत होती. कंपनीतील सर्वांत मागे पडलेल्या तुकड्यांत तिची गणना होई. एखादे काम सांगितले की ते मिळायला पाच महिन्यांच्या आसपास लागत. साहजिकच वरिष्ठांना वाटे, माणसे आळशी आहेत किंवा कमी आहेत.

डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने बारकाईने पाहिले तेव्हा निराळेच निघाले. नवी मागणी आली की तिला किती वेळ लागेल याचे अंदाजपत्रक ताबडतोब द्यावे लागे. त्यासाठी हातातील काम खाली ठेवायचे. तुकडीचा सुमारे तिसरा हिस्सा वेळ नुसत्या अंदाजपत्रकांत जात होता आणि त्यांतील बरीच कामे पुढे होतच नसत. उपाय दोनच केले. अंदाजपत्रके बंद केली. आणि हातात एका वेळी ठराविकच कामे ठेवली. एक पुरे झाले की मगच रांगेतले पुढचे घ्यायचे आणि ते कोणते, हे मागणाऱ्यांनी आपसात ठरवायचे. वर्षभराच्या आत पाच महिन्यांचे काम सुमारे दोन आठवड्यांत मिळू लागले. आरंभीची मोठी सुधारणा झाली तेव्हा ना माणसे वाढविली होती, ना प्रोग्रॅम लिहिण्याची रीत बदलली होती. टोयोटा कारखान्यातील 'कानबान' चिठ्ठ्यांवरून या पद्धतीला तेच नाव पडले.

कॅनडातील कॅलगरी येथेही मान व मॉरर या दोन संशोधकांनी एका लहान कंपनीत स्क्रम येण्यापूर्वीचे आणि नंतरचे ओव्हरटाइमचे आकडे तपासले. २००५ साली त्यांनी अहवाल दिला की ओव्हरटाइम घटला आणि ग्राहकही आधीपेक्षा समाधानी झाले. एका कंपनीवरून जगाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. पण त्या कंपनीत किंवा हैदराबादेत जे झाले ते पाटी खरोखर लावल्यामुळे झाले, पाटीचे नुसते चित्र काढल्यामुळे नव्हे.

कायद्याचा आधार येथे फारसा कामी येत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली आहे आणि जादा कामाला दुप्पट दर सांगितला आहे. मात्र रात्री घरी पलंगावर बसून केलेले काम हजेरीपटावर येत नाही, आणि जे नोंदले नाही ते मागता येत नाही. शिवाय हवा उलट्या दिशेने वाहत आहे. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी २०२३ साली तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन २०२५ साली नव्वद तासांवर गेले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका पस्तीस टक्क्यांनी जास्त आढळला आहे. घरात एकच कमावता असेल तर हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

नोकरीला जाताना आणि काम देताना

मुलाखतीला जाणाऱ्या मुला-मुलींनी पगाराबरोबर तीन-चार गोष्टी बेधडक विचाराव्यात. फेरीला किती काम उचलायचे ते कोण ठरवितो? मागच्या वेळी काम उरले तेव्हा काय केले : पुढच्या फेरीत ढकलले की रात्री बसविले? रोजची बैठक किती वाजता असते? 'आम्ही अजाईल आहोत' या उत्तरावर समाधान मानू नये. ते आज सगळेच म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर काय ते समजावे.

आणि व्यापारी बंधूंनी, विशेषतः जे आपल्या दुकानासाठी बिलिंगचे किंवा गोदामाचे सॉफ्टवेअर एखाद्या लहान कंपनीकडून करून घेतात त्यांनी, आपल्याकडेही पाहावे. रक्कम ठरते, तारीख ठरते, आणि मग आठवड्याला एक फोन जातो, 'तेवढे एक बटण जोडून द्या.' त्या लहान कंपनीत तीन-चारच मुले असतात. ते बटण कोणाच्या तरी रात्रीतून निघते, आणि झोपेत लिहिलेले ते बटण पुढे आपल्याच वहीत चुकीचा आकडा टाकते. त्यापेक्षा सौदा पंधरा-पंधरा दिवसांचा करावा. या पंधरवड्यात काय मिळणार आणि त्याचे किती पैसे, हे आधी लेखी ठरवावे. पंधरवडा संपला की चालते काम स्वतः दुकानात वापरून पाहावे, पैसे त्याच दिवशी द्यावेत आणि मगच पुढचे ठरवावे. मधेच नवे काही हवे झाले तर यादीतील तेवढ्याच वजनाचे जुने काम काढावे.

दुकानाच्या बाजूने प्रश्नांची उत्तरे द्यायला एक माणूस नेमावा लागतो. तो माल आणि हिशोब दोन्ही जाणणारा हवा, म्हणजे बहुधा तो आपला सर्वांत कामाचा माणूस असणार. क्रायस्लरमध्ये जे झाले ते आपल्याकडे व्हायचे नसेल तर तेवढे महिने त्याची गल्ल्यावरची पाळी निम्मी करावी. नवी पद्धत चालू करण्याचा दिवसही सीझनमध्ये धरू नये. कापड, चप्पल, अत्तर यांच्या दुकानदारांनी रमजानच्या आधीच ती चालू करून महिनाभर जुन्या वहीबरोबर ताडून घ्यावी, नाहीतर सरळ ईदनंतर शव्वालमध्ये सुरू करावी.